मामंजींची विहीर आणि बोटीवरचं पाणी

ताई, नमस्कार.

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून मुलाने आम्हा चौघांसाठी, म्हणजे मी, हे, सासूबाई आणि मामंजी, मुंबई-गोवा क्रूझचं तिकीट काढलंय. तीन रात्री, मेच्या पहिल्या आठवड्यात. सगळे खूश आहेत, पण पाण्यावरून घरात रोज वाद. मामंजी ७९ वर्षांचे. आयुष्यभर घरच्या विहिरीचंच पाणी प्यायलेत. मुंबईला मोठ्या नणंदेकडे गेले तरी बरोबर दोन बाटल्या असतातच. शेजारच्या एकाने त्यांना सांगितलं, बोटीवर समुद्राचंच पाणी गोडं करून पाजतात. तेव्हापासून "मी येत नाही, तुम्ही जा" सुरू झालंय. ह्यांनी तोडगा काढलाय, दहा दहा लिटरचे दोन कॅन भरून न्यायचे. मुलगा म्हणतो, तिकिटावर लिहिलंय, बाहेरचं खाणंपिणं आणू नये, धक्क्यावर सगळ्यांसमोर शोभा होईल. मामंजींना रक्तदाबाची गोळी आहे, रोजची पूजा आहे. पाणी नेता येतं का? बोटीवरचं पाणी त्यांना चालेल का? आणि त्यांना समजवायचं कसं?

एक सून, गुहागर तालुका

प्रिय ताई,

पाणी न्या, पण वीस लिटर नेऊ नका. आणि मामंजींना घरी ठेवून तर मुळीच जाऊ नका.

आधी नियमाचं बोलू, कारण मुलगा म्हणतोय त्यात तथ्य आहे. बाहेरचं पिणं आणू नये ही अट बहुतेक सगळ्या क्रूझ कंपन्यांची असते, पण ती किती ताणायची हे प्रत्येकीचं वेगळं. अमेरिकेतल्या कार्निव्हलने २०१५ पासून प्रवाशांना बाटलीबंद पाणी आणायलाच मनाई केली. लोक पाण्याच्या बाटल्यांतून दारू नेत होते आणि प्रत्येक बाटली तपासताना चढायच्या रांगा लांबत होत्या, हे त्यामागचं कारण. पाण्यासारखीच दिसणारी दारू असते ना, म्हणून तपासणीवाला माणूस उघड्या बाटलीकडे संशयाने बघतो. घरून भरून नेलेला कॅन म्हणजे त्याच्या लेखी उघडी बाटलीच. दोन कॅन घेऊन बॅलार्ड पिअरला उभे राहाल तेव्हा मागे शेकडो माणसं असतील, मेचं ऊन असेल आणि मामंजी "माझ्या विहिरीचं पाणी आहे" म्हणून त्या पोराला समजावत असतील. तो कॅन त्यांच्या डोळ्यांदेखत बाजूला काढून ठेवला गेला, तर पुढचे तीन दिवस गेले समजा. ह्यांना हे चित्र एकदा नीट सांगा. आणि वीस लिटर म्हणजे वीस किलो, ते उचलणार कोण?

पण अटीत सहसा एक फट असते. वैद्यकीय कारण, लहान मुलांचं दूध, पथ्य यांसाठी कंपन्या वेगळा विचार करतात. रात्री श्वासाचं मशीन लावणाऱ्यांना डिस्टिल्ड वॉटर लागतं, ते अशाच परवानगीने नेतात. तुमच्या घरी वय आहे, रक्तदाब आहे. तेव्हा आधी कंपनीला लेखी विचारायचं. फोनवर कुणीतरी "हो हो, चालेल" म्हणतं आणि धक्क्यावरच्या माणसाला ते ठाऊकच नसतं.

आता शेजाऱ्याने सांगितलेलं. त्याने खोटं काही सांगितलं नाही, अर्धं सांगितलं. मोठ्या जहाजावर समुद्राच्या पाण्याचं गोडं पाणी करतातच, शिवाय बंदरात धक्क्यावरूनही टाक्या भरून घेतात. करायच्या रीती दोन. एक, मिठागराच्या उलट रीत. मिठागरात पाणी उडून जातं आणि आपण मीठ गोळा करतो, जहाजावर उडालेली वाफ गोळा करतात आणि मीठ मागे टाकतात. त्यासाठी चूल पेटवावी लागत नाही, इंजिनाची वाया जाणारी उष्णता वापरतात. भांड्यातली हवा काढून घेतात, त्यामुळे पाणी १०० अंशांच्या बरंच खाली उकळतं. दुसरी रीत म्हणजे आपल्याकडे घराघरात आलेलं आरओ मशीन. तेच, पण खोलीएवढं मोठं आणि प्रचंड दाबाने चालणारं. समुद्राच्या एका लिटरात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, ते एवढ्या बारीक चाळणीतून मागे राहतात. बंदराजवळच्या गढूळ पाण्यातून हे पाणी करत नाहीत, जहाज खोल समुद्रात गेल्यावर करतात. मग त्यात थोडे क्षार परत मिसळतात, कारण अगदी कोरं पाणी बेचव लागतं आणि नळही खातं. शेवटी जंतू मरावेत म्हणून क्लोरीन किंवा त्याच जातीचं औषध घालतात.

मामंजींना जीभेवर लागेल तो हा शेवटचा भाग. पाण्याचा दोष नाही, औषधाचा वास. तुमच्या ग्रामपंचायतीचा माणूस पावसाळ्यात विहिरीत टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर टाकून जातो आणि मग दोन दिवस "पाण्याला वास येतो" म्हणून घरोघर कुरकुर चालते ना, तोच तो. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या मानकातही लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेलं असावं असं आहे. तो वास नाकाला नकोसा वाटतो, पण आत राखण आहे याची ती खूण आहे.

आणि आता मी जे सांगणार आहे ते ह्यांना आवडणार नाही. कॅनमधल्या पाण्याला ती राखण नसते. विहिरीचं पाणी रोज ताजं काढून, फडक्यातून गाळून, माठात भरून प्यायला चांगलं. तेच पाणी प्लास्टिकच्या कॅनमध्ये बंद करून गुहागरहून मुंबईपर्यंत गाडीच्या डिकीत तापवलं, धक्क्यावर चार तास ठेवलं आणि तिसऱ्या दिवशी प्यायलं, तर ते विहिरीचं पाणी राहिलेलं नसतं. त्यात जंतू वाढायला सगळी सोय झालेली असते. मेमध्ये आपल्या विहिरी तळाला गेलेल्या असतात, हेही तुम्हाला मी सांगायला नको. कोकणात पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात पडतो आणि जांभ्यातून वाहून खाडीला मिळतो. एप्रिल उजाडला की पोहरा तळाला घासायला लागतो आणि गाळ वर येतो. अशा दिवसांत साठवून नेलेल्या पाण्यापेक्षा जहाजाचं पाणी मला जास्त भरवशाचं वाटतं. आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांप्रमाणे जहाजाला स्वच्छतेचा दाखला ठेवावा लागतो, तो सहा महिन्यांपुरताच चालतो, आणि त्या तपासणीत पिण्याचं पाणीही असतं. आपल्या विहिरीचं पाणी दर सहा महिन्यांनी आपण तपासतो का, हे मामंजींना नव्हे, ह्यांना विचारा.

क्रूझवर पोटं बिघडतात ती बहुतेक वेळा पाण्याने नाहीच. एकमेकांच्या हातांनी बिघडतात. जेवणाच्या लांबलचक टेबलावरचा एकच डाव शंभर हात धरतात. तेव्हा जेवणाआधी साबण लावून हात धुवायचे. नुसतं ते चिकट सॅनिटायझर चोळून भागत नाही, जहाजांवर पसरणारा जुलाबाचा विषाणू त्याला फारसा दाद देत नाही. सासूबाईंनाही सांगा.

चवीचं मात्र मी मामंजींच्या बाजूने बोलेन. त्यांना नखरेल म्हणू नका. जांभ्यातून झिरपलेलं पाणी क्षाराला कमी, हलकं असतं. ७९ वर्षं तेच जिभेवर असलेल्या माणसाला दुसरं पाणी लगेच कळतं, कळणारच. गंमत म्हणजे जहाजाचं पाणीही क्षाराला हलकंच असतं, देशावरच्या बोअरसारखं जड नसतं. क्लोरीनचा वास तेवढा घालवला की ते त्यांना फार परकं वाटणार नाही. आणि तो घालवायला काही लागत नाही. रात्री रुंद तोंडाच्या भांड्यात पाणी काढून उघडं ठेवा, वर पातळ फडकं टाका, सकाळपर्यंत वास उतरतो. वाळ्याची जुडी घरून नेलीत तर त्यात घाला, माठातल्या पाण्याची आठवण येईल. लिंबाची फोड जेवणाच्या टेबलावर मिळेलच, पण तांब्याच्या भांड्यात लिंबू पिळू नका. स्टीलमध्ये किंवा काचेच्या ग्लासात.

आता ज्यासाठी हे एवढं लांबवलं ते सांगते.

काही वर्षांपूर्वी माझ्या वडिलांना आम्ही अशाच बोटीने नेलं होतं. ते तेव्हा ८१ वर्षांचे. त्यांनी पहिल्याच घोटाला ग्लास खाली ठेवला, "वास मारतो" म्हणाले. आम्ही म्हटलं, बरं, चहा घ्या. ते दिवसभर चहा घेत राहिले. केबिनमध्ये एसी, डेकवर वारा, घाम कळतच नव्हता. आम्ही सगळे गोव्याचे फोटो काढण्यात. दुसऱ्या संध्याकाळी मी त्यांच्याजवळ जाऊन बसले, तर त्यांनी माझा हात धरला आणि विचारलं, "जयगड आलं का गं? पडाव लागला का?" त्यांच्या तरुणपणी मुंबईहून निघालेली आगबोट बंदराबाहेर थांबायची आणि उतारू पडावात उतरून किनाऱ्याला यायचे. माझे वडील त्या बोटीत होते. मला बघत होते आणि मला ओळखत नव्हते. ओठ कोरडे, जीभ पांढरी, चामडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. जहाजावरच्या डॉक्टरांनी तपासलं आणि पहिला प्रश्न विचारला, आजोबांनी आज पाणी किती प्यायलं? आम्हा चार मोठ्या माणसांपैकी एकालाही सांगता आलं नाही. त्या रात्री मी चमच्याने क्षारसंजीवनीचं, म्हणजे ओआरएसचं, पाणी पाजत बसले. पहाटे ते "तू अजून झोपली नाहीस का?" म्हणाले, तेव्हा मला रडू आलं.

म्हणून माझं सगळं लक्ष पाणी कुठलं यापेक्षा किती पोटात गेलं यावर आहे. म्हातारपणी तहान मंदावते. शरीराला पाणी हवं असतं, पण घसा मागत नाही. त्यात चव आवडली नाही तर माणूस घोट घोट टाळतो आणि आपल्याला वाटतं, गप्प बसलेत, बरे आहेत. मामंजींची रक्तदाबाची गोळी लघवी वाढवणारी आहे का, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. अशा गोळीने शरीरातलं पाणी आणि मीठ दोन्ही जातं, आणि मेच्या उकाड्यात दिवसाला किती पाणी द्यायचं ते डॉक्टरांनीच ठरवून द्यावं. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल तर पाणी जास्त झालेलंही चालत नाही, तेव्हा आपल्या मनाने आकडा ठरवू नका. आकडा मिळाला की त्या मापाच्या बाटल्या मोजा. समजा त्यांनी दीड लिटर सांगितलं, तर अर्ध्या लिटरची बाटली तीनदा रिकामी झाली पाहिजे. पहिली जेवणाआधी, दुसरी चहाच्या वेळेपर्यंत, तिसरी रात्रीच्या जेवणापर्यंत संपवायची, म्हणजे झोपेत चारदा उठायला लागत नाही. हलत्या बोटीत अंधारात बाथरूमला जाताना पडायची भीतीच जास्त. बोट लागली, ओकाऱ्या झाल्या, तर साधं पाणी पुरत नाही. क्षारसंजीवनीची चार पाकिटं गावातूनच न्या. पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघून घ्या आणि पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात एक पाकीट, कमी नाही, जास्त नाही. फळांच्या चवीच्या गोड बाटल्या त्या जागी चालत नाहीत.

मग न्यायचं काय? मला विचाराल तर इतकंच. मामंजींसाठी विहिरीचं पाणी एक लिटर, उकळून, झाकून गार केलेलं, चांगल्या स्टीलच्या बाटलीत. ते मुंबईच्या वाटेवर आणि चढेपर्यंत संपेल, संपलंच पाहिजे. तपासणीच्या आधी उरलेलं पिऊन टाकायचं आणि रिकामी बाटली आत न्यायची, रिकाम्या बाटलीला अडवायला काही कारण नसतं. कंपनीने लेखी होकार दिला तर अर्ध्या अर्ध्या लिटरच्या सीलबंद बाटल्या, त्यांच्या होकारात असतील तेवढ्याच. घेताना सील आणि आयएसआय खुणेच्या वर आयएस १४५४३ हा आकडा बघा. सीलबंद पाण्याची चव त्यांना आधी घरी देऊन बघा, कारण तेही त्यांना "वास मारणारं" वाटलं तर नेऊन उपयोग काय? पाणी तापवायची कांडी किंवा विजेची किटली मात्र बॅगेत टाकू नका, आगीच्या भीतीने जहाजावर ती काढून घेतात. कोमट पाणी हवं असेल तर चहाच्या काउंटरवर मिळतं, छोटा थर्मास न्या. बाटलीचं तोंड नळाला टेकवून भरायचं नाही, ग्लासात घेऊन बाटलीत ओतायचं, बऱ्याच जहाजांवर तसंच सांगतात आणि ते बरोबर आहे. केबिनमध्ये ठेवलेली बाटली फोडण्याआधी तिचे पैसे वेगळे लागतात का ते रिसेप्शनला विचारा.

पूजेचं पाणी वेगळं. तिथे प्रश्न घोटाचा नाही, भावनेचा आहे, आणि त्याला जागा थोडीच लागते. १९०२ साली जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह सातव्या एडवर्ड राजाच्या राज्याभिषेकाला लंडनला निघाले तेव्हा त्यांनी गंगाजल चांदीच्या प्रचंड रांजणांतून आगबोटीवर चढवलं होतं. एकेका रांजणात ४,००० लिटरच्या आसपास पाणी मावतं, जयपूरच्या राजवाड्यात ते आजही बघायला मिळतात. मामंजींना एवढी सोय आपण नाही करू शकत, पण देव्हाऱ्यातला गंगेचा सीलबंद गडू जाईल. तो कशासाठी नेताय ते त्याच लेखी विचारणीत लिहून टाका. बाकी संध्येला, अर्घ्याला जहाजाच्या पाण्यात गडूतले दोन थेंब पुरतात, हे त्यांना तुम्ही नका सांगू. त्यांच्या ओळखीच्या भटजींनी सांगू दे.

गोव्याच्या दिवशी थोडं जपा. जहाज मुरगावला लागतं, तिथून देवळं, बाजार म्हणून बाहेर पडलात की ऊन डोक्यावर. उतरतानाच मामंजींची बाटली जहाजावर भरून घ्या, बाहेरचा बर्फ घातलेला सरबत टाळा. येताना बाहेर विकत घेतलेलं पाणी तपासणीत अडकू शकतं, ते फाटकाबाहेरच संपवा. रिकाम्या बाटल्या पाण्यात कुणाला टाकू देऊ नका. समुद्रात प्लास्टिक टाकायला १९८८ च्या अखेरीपासून जगभर बंदी आहे, तरी पावसाळ्यात गुहागरच्या किनाऱ्यावर काय काय येऊन पडतं ते तुम्ही दर वर्षी बघता. कासवं अंडी घालायला येतात तीच ती वाळू.

समजवायचं कसं, हे शेवटचं. मुलाने नियम सांगू नयेत, ह्यांनी कॅन भरू नयेत. आठवडाभर आधी घरी आरओचं किंवा सीलबंद पाणी आणा, रात्री वाळा घालून ठेवा आणि सकाळी मामंजींना विचारा, हे कसं लागतं? चव तेच ठरवतील. त्यांना सिंधुदुर्गाची आठवण करून द्या. मालवणपासून हाकेच्या अंतरावर, चहूबाजूंनी खारं पाणी, आणि किल्ल्यात दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा तीन गोड्या विहिरी. समुद्रात गोडं पाणी प्यायची रीत आपल्या कोकणाला नवी नाही. आणि माझ्या वडिलांचं झालं ते हवं तर वाचून दाखवा, त्याची मला हरकत नाही.

घरात जुना फिरकीचा तांब्या असेलच. तोच काढा. त्यांचं पाणी त्यांच्या तांब्यात दिसलं की अर्धं काम झालं. फिरकीतली रबरी चकती एव्हाना कडक होऊन तडकली असेल, ती बदलून घ्या, पाणी भरून रात्रभर आडवा ठेवून बघा. कंपनीला मेल आजच करा, त्यात मामंजींचं वय, गोळ्या, किती बाटल्या आणि गडू हे चारही लिहा. उत्तर आलं की त्याच्या दोन प्रती छापा, एक तुमच्या पर्समध्ये आणि एक मुलाकडे.